पंचवीसचे बावन्न होतात तेव्हा

(मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम येथे शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मुलं गणितात चुका करतात आणि त्या चुकांसमोर शिक्षकानं करायचं काय, एवढाच आजचा विषय. विषय जुना आहे. पण यावर महाराष्ट्रात घराघरात एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते भांडण मुलांच्या चुकांबद्दल आहे हे भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आलं. मी २०१९ च्या जूनबद्दल बोलतोय. 'वीस एक, वीस दोन' आठवतं ना?

बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस, बावीस या नावांच्या जोडीला वीस एक, वीस दोन अशी संख्यावाचनाची दुसरी रीत दिली होती. टीव्हीवर चर्चा, वर्तमानपत्रांत अग्रलेख, विधिमंडळात प्रश्न. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरूनसुद्धा विनोद झाले. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे पुस्तक पोचायच्या आधी वाद पोचला. पाठ्यपुस्तक मंडळाच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. गणिताच्या संशोधक, 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिणाऱ्या. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण बोलतो पंचवीस, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. लिहितो मात्र दोन आधी, पाच नंतर. शिवाय त्र्याण्णव, सत्त्याण्णव असली जोडाक्षरं सहा-सात वर्षांच्या पोराच्या जिभेवर चढत नाहीत. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात, इंग्रजीतही वीसच्या पुढे तसंच आहे. मग मुलांना दुसरी वाट दाखवायला काय हरकत? जुनी नावं काढलेली नाहीत, हेही त्यांनी सांगितलं होतं.

विरोध करणारे म्हणाले, मराठीचा घात होतोय. पाढ्यांची लय गेली, आजीनं नातवाला शिकवलेलं मोडलं. यातही तथ्य नव्हतं असं नाही. 'पाचा पाचा पंचवीस' हे कानाला जसं लागतं तसं 'पाचा पाचा वीस पाच' लागत नाही, हे कबूल करायला कुणी गणितज्ञ असण्याची गरज नाही.

माझी टीका दोन्ही बाजूंवर आहे. पण आधी समितीचं एक श्रेय मोकळेपणानं देतो. पंचवीस लिहायला सांगितल्यावर एखादं मूल ५२ लिहितं, तर ते मूल काय करत होतं, हे त्या समितीनं पाहिलं. 'पंच' ऐकलं, ५ लिहिला. 'वीस' ऐकलं, २ लिहिला. जसं ऐकलं तसं लिहिलं. म्हणजे मूल निष्काळजी नाही, उलट फार इमानदार आहे. आपण त्याला डावीकडून उजवीकडे, ऐकू येईल त्या क्रमानं लिहायला शिकवलं होतं. 'कमळ' लिहिताना क आधी, म नंतर, ळ शेवटी. त्यानं तोच नियम गणिताच्या तासाला लावला. समितीनं ती चूक वाचली, आणि माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला तोच सगळ्यात मोलाचा भाग होता.

मग बिघडलं कुठं? उपाय शब्दातच शोधला तिथं. शब्द बदलला की चूक जाईल असं गृहीत धरलं गेलं. आता 'वीस पाच' म्हणून बघा. वीस ऐकलं, २० लिहिले. पाच ऐकलं, ५ लिहिला. झाले २०५. ही मी रचलेली गंमत नाही. जिथं दशक आधी बोलतात त्या भाषांतही मुलं असं लिहितात. आपल्याकडे तर हे रोज दिसतं, फक्त शंभराच्या पुढे. 'एकशे पाच' सांगा, १००५ लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. 'एक हजार पंचवीस'चे १०००२५ होतात. तिथं तर बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम सरळच आहे, तरी चूक होते. कारण मुलाला अजून हे उमगलेलं नसतं की अंकाची किंमत जागेवर ठरते, आणि शंभराची दोन शून्यं दुसऱ्या अंकांसाठी जागा रिकामी करून देतात. नाव बदललं की चुकीची तऱ्हा बदलते, चूक तिथंच राहते.

विरोधकांचं तर त्याहून पुढचं होतं. 'आम्ही नाही का शिकलो?' हा त्यांचा हुकमी एक्का. शिकलात, बरोबर आहे. पण जे शिकले ते आज चर्चेत बोलायला बसलेत, जे एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये अडकून मागं पडले ते टीव्हीवर येत नाहीत. एकोणसाठची गंमत बघा. कानाला 'एक' ऐकू येतो आणि 'साठ' ऐकू येतं. मूल ६१ लिहितं. काही मुलं ६९ लिहितात, कारण त्यांना एवढं कळलेलं असतं की 'एकोण' आलं की नऊ येतो, पण साठच्या अलीकडे जायचं हे कळलेलं नसतं. वहीत दोघांनाही लाल फुली. पण ६९ वाला ६१ वाल्यापेक्षा दोन पावलं पुढं आहे. त्याला फक्त 'एकोण' म्हणजे 'एक उणा' एवढं सांगितलं की तो सुटला. आणि मग एखादं चौकस पोर विचारतं, गुरुजी, एकोणनव्वद म्हणतो तर एकोणशंभर का नाही म्हणत? त्या पोराला रागावू नका. मराठीनं ९९ ला नव्व्याण्णव का केलं याचं उत्तर तुमच्या-माझ्या खिशात नाही, पण प्रश्न पहिल्या प्रतीचा आहे.

जाता जाता नॉर्वेची गोष्ट सांगतो. तिथं पूर्वी आपल्यासारखंच होतं, 'एक आणि वीस' असं बोलत. १९५१ मध्ये त्यांच्या संसदेनं ठरवलं की इथून पुढं 'वीस एक'. त्यामागं एक कारण होतं टेलिफोन. नंबर सांगताना आकडे उलटे होत, चुकीचा फोन लागे. मोबाईल नंबर सांगताना आपणही जोड्या करतो, 'अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस'. ऐकणारा 'अठ्ठ्या' ऐकतो आणि बोट आठाकडे जाऊन थबकतं. मोठ्या माणसांचंही हेच होतं. आणि नॉर्वेत काय झालं? शाळेत, रेडिओवर नवी रीत आली, पण घरात जुनी रीत पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत राहिली. भाषा कायद्यानं बदलते, पण आजीच्या तोंडून लवकर बदलत नाही. म्हणजे वर्गातल्या बाईंसमोर ५२ लिहिलेली पाटी येतच राहणार, पुस्तकात काहीही छापा. त्या बाईंनी त्या पाटीसमोर काय करायचं? २०१९ च्या सगळ्या गदारोळात हा प्रश्न कुणी विचारला नाही. शब्द तज्ज्ञांनी बदलायचा की नाही यावर सगळे बोलले, बाईंबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हा आपण आता बाईंकडे येऊ.

फळ्यावर एक गणित लिहितो. ५२ वजा २७. मुलीनं उत्तर काढलं ३५. बरोबर उत्तर २५. आपण काय म्हणतो? 'हातचा विसरली.' फुली मारतो आणि खाली आणखी दहा वजाबाक्या सरावाला देतो. थांबा. ती हातचा विसरली हे तुम्हाला कशावरून कळलं? या ३५ मागं दोन अगदी वेगळ्या मुली असू शकतात. पहिली मुलगी म्हणते, २ आणि ७, मोठ्यातून लहान काढायचं, सातातून दोन गेले पाच. ५ मधून २ गेले तीन. पस्तीस. दुसरी म्हणते, दोनातून सात जात नाहीत, दशक सुटा केला, बारा झाले, बारातून सात गेले पाच. मग दशकात पाचातून दोन गेले तीन, कारण एक दशक तिकडं दिला हे लिहायचं राहिलं. तेही पस्तीस. उत्तर एकच, पण आजार निराळे. पहिलीला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच माहीत नाही, ती काही विसरली नाही. विसरायला आधी यायला पाहिजे. दुसरीला सगळं येतं, हिशेब पूर्ण करायचा राहिला. दोघींना तेच दहा गणितांचं औषध दिलं तर पहिली आपला चुकीचा नियम दहादा घोटून पक्का करणार.

आता तेच गणित थोडं बदला. ५३ वजा २७ द्या. पहिली मुलगी काढेल ३४, सातातून तीन गेले चार. दुसरी काढेल ३६, तेरातून सात गेले सहा. बरोबर उत्तर २६. उत्तर पाहूनच कळतं कोण कुठं आहे. म्हणजे प्रश्न निवडतानाच शिक्षकाचं अर्धं काम होतं. एककाच्या अंकांत पाचाचा फरक असला की दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं. तेवढा फरक टाळा. आणि ५० वजा २७ तर त्याहून बोलका आहे. पहिलीचं उत्तर ३७, दुसरीचं ३३. आणि एखाद्या मुलाचं येईल ३०, तो म्हणतो 'शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य'. बरोबर उत्तर २३. एका वजाबाकीनं वर्गातली तीन दुखणी वेगळी केली.

हे काही नवं शोधलेलं नाही. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी वजाबाकीतल्या अशा चुका गोळा करून त्यांच्यामागचे नियम मांडले. भावी शिक्षकांसाठी त्यांनी संगणकावर एक खेळही केला. संगणक चुकणाऱ्या मुलासारखी उत्तरं देतो, शिक्षकानं ओळखायचं की हे 'मूल' कोणता नियम चालवतंय. त्यांनी दाखवून दिलेलं मुख्य सूत्र असं, की पुष्कळ चुका ठोकळेबाज, सुसंगत असतात. मूल वाट्टेल ते करत नसतं, बहुधा नियमानंच चालतं. नियम तेवढा दुसरा असतो.

आणि हा दुसरा नियम येतो कुठून? मंडळी, इथं जरा अवघड बोलतो. पुष्कळदा तो आपल्याच तोंडून येतो. पहिलीत आपण सांगतो, 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं.' पहिलीपुरतं ते खरं असतं. दुसरीत मूल तेच इमानानं एककाच्या घरात करतं आणि आपण म्हणतो चूक. 'दहानं गुणलं की पुढं शून्य द्यायचं' असं चौथीत सांगतो, आणि पुढं मूल २.५ गुणिले १० म्हणजे २.५० लिहितं. 'गुणल्यावर संख्या मोठी होते' हेही असंच. आपण दिलेलं नाणं खोटं निघतं तेव्हा दंड मात्र मुलाला.

अपूर्णांकांकडे या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मूल लिहितं दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. यावर शिक्षकाची ठरलेली ओळ, 'छेद समान केला का?' पण मुलाला छेद समान का करायचा हेच कळलेलं नाही, म्हणून तर त्यानं केला नाही. इथं मला दोन गोष्टी कराव्याशा वाटतात. पहिली, मुलाला विचारायचं की अर्धी भाकर आणि वर तिसरा हिस्सा भाकर दिली तर अर्धीपेक्षा जास्त झाली की कमी? जास्त. मग तुझे दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? पाच तुकड्यांतले दोन, म्हणजे कमी. मूल स्वतःच थांबतं. तुम्ही 'चूक' शब्द उच्चारलेला नसतो, त्याचं उत्तर त्याच्याच डोळ्यांदेखत पडलेलं असतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि आपण ती जवळजवळ कधीच करत नाही. मुलाची रीत कुठं बरोबर ठरते ते शोधायचं. कबड्डीत दोन सामन्यांतला एक जिंकला, पुढं तीन सामन्यांतला एक जिंकला, तर एकूण पाचातले दोन जिंकले ना? मग वरचे वर आणि खालचे खाली मिळवणं तिथं चालतंय! मूल मूर्खपणा करत नव्हतं. ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होतं. भाकरीत एकच भाकर मोजतोय, सामन्यांत सामने वाढत जातात, हा फरक वर्गात मुलांनाच भांडून काढू द्या. तासाभराचं काम आहे, पण त्या तासात अपूर्णांक म्हणजे काय हे जेवढं कळतं तेवढं वीस उदाहरणांत कळत नाही.

दशांशाचंही असंच. ३.५ मोठे की ३.१२? मुलं म्हणतात ३.१२, कारण बारा पाचापेक्षा मोठे. यात क्रिकेटचा हात आहे असं माझं मत आहे. ३.५ षटकं म्हणजे तीन षटकं आणि पाच चेंडू, पुढचा चेंडू टाकला की थेट ४. तो टिंब आणि गणिताचा टिंब दिसायला सारखेच. हे मुलांना उघड सांगून टाकावं.

इथं कुणी म्हणेल, एवढं कशाला, उत्तर बरोबर येतंय ना तेवढं पाहू. त्यांच्यासाठी बेनीची गोष्ट. अमेरिकेतला बारा वर्षांचा मुलगा, सहावीतला. स्टॅन्ली अर्लवांगर या अभ्यासकानं १९७३ मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं. शाळेत कार्यपत्रिकांची पद्धत होती, मुलानं आपापलं सोडवायचं, उत्तरं उत्तरपत्रिकेशी ताडायची, ऐंशी टक्के बरोबर आली की पुढं जायचं. बेनी पुढं जात होता. त्याच्या शिक्षिकेच्या मते तो चांगल्या मुलांपैकी होता. अर्लवांगर त्याच्याशी बोलत बसले तेव्हा कळलं की बेनीच्या लेखी दोन दशांश, म्हणजे दोन छेद दहा, बरोबर १.२. दोन आणि दहा बारा, मध्ये टिंब. चार छेद अकरा म्हणजे १.५, आणि अकरा छेद चार म्हणजेही १.५! त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याच्या मते गणितात कुणीतरी ठरवलेले शेकडो नियम असतात आणि उत्तरपत्रिकेत त्यातलं एक उत्तर छापलेलं असतं, ते जुळवायचं. ही चूक लाल शाईनं पकडली नाही, कारण लाल शाई त्याच्याशी कधी बोललीच नव्हती.

आपल्याकडच्या मोठ्या पाहण्यांनाही हेच लागू आहे. 'असर'च्या चाचणीत गावोगाव मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी भागिले एक अंकी भागाकार देतात. किती मुलांना येतं हे त्यातून कळतं आणि देशाला ते कळणं गरजेचं होतं, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण जमत नाही ते कसं जमत नाही, हे त्या टक्क्यांत नसतं. वाशीम हा आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, २०१८ पासून इथल्या शिक्षणाची मोजदाद दिल्लीपर्यंत जाते. बैठकीत टक्का घसरला म्हणून आपल्याला बोलणी बसतात, आणि मग आपण तीच बोलणी वर्गात उतरवतो. वरून खालपर्यंत एकच वाक्य, 'सराव वाढवा'.

आणि आपल्या नोंदवह्या! शिक्षण हक्क कायदा आला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती. मुलाला गुण देऊन गप्प न बसता त्याच्याबद्दल चार शब्द लिहायचे. आज काय होतं? तयार नोंदींच्या यादीतून 'गणितात अधिक सरावाची गरज', 'गणितीय क्रिया लक्षपूर्वक करतो' उचलायचं आणि चाळीस मुलांत वाटून टाकायचं. ही नोंद वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काय कळणार? त्याऐवजी एकच ओळ लिहा: '५३ वजा २७ मध्ये दशक सुटा करते, पण दिलेला दशक कमी करत नाही.' किंवा 'एकशे पाच १००५ असे लिहितो.' झालं. या एका ओळीत पुढच्या शिक्षकाच्या हाती कामाला सुरुवात आहे. अशी नोंद यादीतून उचलता येत नाही, कारण त्यासाठी त्या मुलाकडं पाहावं लागतं.

आता एका नव्या फॅशनबद्दल. भिंतीवर पाट्या दिसतात, 'चुकांना घाबरू नका', 'चुका हीच प्रगती'. हेतू चांगला आहे. छडी गेली हे तर फारच चांगलं झालं, कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. पण मूल ३५ लिहून आलं आणि तुम्ही हसून 'छान प्रयत्न!' म्हणालात, तर त्या मुलीच्या हाती काय पडलं? लाल फुलीनं तिची वजाबाकी वाचली नव्हती, तुमच्या 'छान'नंही वाचली नाही. फरक एवढाच की आता ती रडत घरी जाणार नाही. तेही कमी नाही म्हणा, पण वजाबाकी येत नाही ती नाहीच. मुलांना खोटं कौतुक कळतं, लवकर कळतं.

चूक वाचायची म्हणजे मुलाला बोलतं करायचं, आणि तिथं आपली भाषा आडवी येते. आपल्याकडे शिक्षक विचारतात, 'हे असं काहून केलं?' वऱ्हाडीत हा साधा प्रश्न आहे, पण वर्गात त्याला छडीचा वास येतो. मूल लगेच खोडरबर शोधतं. 'काहून' ऐवजी 'कसं केलं, सांग बरं मले' म्हणून पाहा. दुसरी खुबी, हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारायचा. फक्त चुकल्यावर विचारला तर आठ दिवसांत मुलांना कळतं की 'कसं केलं' म्हणजे 'चुकलं'. बरोबर उत्तरवाल्याला विचारलं की कधी कधी बेनी सापडतो, आणि कधी आपल्यापेक्षा चांगली रीत सापडते. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पस्तीसचा एक नारळ, दहा नारळांचे किती? पोरगं म्हणतं, तिनाचे एकशे पाच, आणखी तिनाचे धरले की दोनशे दहा... असं करत साडेतीनशेवर पोचतं. दहानं गुणायला शून्य द्यायचं हे त्याच्या गावी नाही, तरी उत्तर अचूक. हीच मुलं कागद-पेन्सिल दिली की तसल्याच गणितांत चुकत होती. अलीकडे, २०२५ मध्ये, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच दिसून आल्याचं 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. बाजारात तोंडी हिशेब पक्का, शाळेच्या पद्धतीनं मांडलं की अडलं. आपल्याकडं आठवडी बाजारात भाजीच्या पाटीमागं बसणारी, सोयाबीनच्या काट्यावर बापासोबत उभी राहणारी पोरं आहेतच. त्यांची वही कच्ची म्हणून त्यांचं गणित कच्चं, असा निकाल देण्याआधी एकदा तोंडी विचारून बघा.

मोठ्यांच्या चुकांचं सांगून व्याख्यानाचा भाग संपवतो. शून्याला शून्यानं भागलं तर? ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये सांगितलं, शून्य. पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक कोडं घातलं. एका संख्येला शून्यानं गुणा, त्यात त्याचाच अर्धा मिळवा, तिनानं गुणा, शून्यानं भागा, ६३ येतात, तर ती संख्या कोणती? उत्तर दिलं १४. शून्यानं गुणलं आणि शून्यानं भागलं म्हणजे दोन्ही फिटले, असा हिशेब. आजच्या नियमानं हे बसत नाही. पण त्यात चूक म्हणून फुली मारून पुढं गेलं तर एवढ्या मोठ्या माणसाला नेमकं काय दिसत होतं ते आपल्याला कधी कळणारच नाही. आपण भास्कराचार्यांच्या बाबतीत हा विचार करतो. तिसरीतल्या पोराच्या बाबतीतही करता येईल.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: सर, आमची शाळा द्विशिक्षकी. एका खोलीत दोन वर्ग, वरून ऑनलाइन माहिती भरायची. प्रत्येक मुलाला 'कसं केलं' विचारायला वेळ कुठून आणायचा?

तुमचं खरं आहे आणि त्यावर माझ्याकडं जादू नाही. प्रत्येकाला, प्रत्येक गणितात विचारायचंच नाही. प्रत्येक चुकीमागं नियम असतो असंही नाही. काही चुका नुसत्या घाईच्या असतात, त्या मुलाला 'परत एकदा बघ' म्हटलं की सुटतात. आठवड्यात एक दिवस धरा. दिवसाला एकच गणित द्या, पण नीट निवडलेलं, ५० वजा २७ सारखं. पाट्या गोळा करताना बरोबर-चूक असे दोन गठ्ठे करू नका, उत्तरांप्रमाणे गठ्ठे करा. २३ चा एक, ३७ चा एक, ३३ चा एक, ३० चा एक, उरलेल्यांचा एक. पाच मिनिटांचं काम आहे. मग प्रत्येक गठ्ठ्यातून एका मुलाशी दोन मिनिटं बोला. ३७ वाल्यांना काड्यांचे दहाचे गठ्ठे द्या, पाच गठ्ठे घ्यायला लावा आणि त्यातून सत्तावीस काड्या मागा. सुट्या काड्या नाहीत म्हटल्यावर ती गठ्ठ्याचा दोरा सोडतात का ते पाहा. सोडला तर तिथंच दशक सुटा झाला. ३३ वाल्यांना काड्या नको, उत्तर ताडून बघायला सांगा. ३३ आणि २७ मिळवून ५० येतात का? ३० वाल्यांशी शून्याबद्दल बोला.

प्रश्न: पालक म्हणतात, वहीत लाल खुणा नाहीत, म्हणजे गुरुजींनी तपासलंच नाही.

हे होणारच. पालकांसाठी वही हीच शाळेची पावती असते, त्यांना दोष देऊ नका. बरोबरची खूण जरूर करा. चुकलेल्या ठिकाणी फुलीऐवजी छोटा गोल करा आणि बाजूला चार शब्द लिहा, 'एक दशक दिला, कमी केला?' इतपत. आणि पालकसभेत फळ्यावर ५३ वजा २७ मांडा, शेजारी ३४ आणि ३६ लिहा, आणि पालकांनाच विचारा की यातल्या कोणत्या मुलाला काय सांगाल.